वरचा मजला किरायाने देण्यापूर्वी : नागपुरातील घरमालकांना खुले पत्र

सन्माननीय घरमालक काका-काकूंना आणि बंधू-भगिनींना,

सप्रेम नमस्कार.

मी मूळची सांगलीची. बँकेतील नोकरीमुळे जानेवारी 2022 मध्ये माझी बदली नागपूरला झाली आणि तेव्हापासून या शहरातील चार उन्हाळे मी किरायाच्या घरांत काढले आहेत. आमच्याकडे घर ‘भाड्याने’ घेतात, इथे ‘किरायाने’ घेतात; हा शब्द आता माझ्याही तोंडात बसला आहे आणि या शहराविषयी मनात आपलेपणाही आला आहे. म्हणूनच जे सांगायचे ते कोणा एका घरमालकाच्या कानावर घालून थांबण्याऐवजी आपणा सर्वांसमोर ठेवावे असे ठरवले. हे पत्र मी मुद्दाम जानेवारीत लिहीत आहे. मे महिन्यात लिहिले असते, तर ते उन्हाने त्रासलेल्या बाईचे गाऱ्हाणे वाटले असते, आणि तोपर्यंत गच्चीसाठी काही करण्याची वेळही निघून गेलेली असते.

पहिले घर आम्ही पाहिले ते असेच जानेवारीत, सकाळी नऊच्या सुमारास. दक्षिण नागपुरातील एका नव्या वस्तीतील दुमजली बंगला होता. खाली घरमालक, वर आम्ही. फाटकावर ‘वरचा मजला किरायाने देणे आहे, फक्त फॅमिलीसाठी’ अशी पाटी होती. खिडकीतून कोवळे ऊन थेट पलंगापर्यंत येत होते आणि माझ्या सासूबाई त्या उन्हात खुर्ची ओढून बसल्या. ‘घर छान उबदार आहे,’ असे त्या म्हणाल्या. आम्ही नळाला पाणी किती वेळ येते ते विचारले, स्वयंपाकघरातला ओटा पाहिला, शाळा किती लांब आहे ते पाहिले, दोन महिन्यांचा किराया अनामत म्हणून दिला आणि अकरा महिन्यांच्या करारावर सह्या केल्या. छतावर काय आहे, पश्चिमेची भिंत कोणत्या खोलीची आहे, कूलर कोणत्या खिडकीत बसणार, यांपैकी एकही प्रश्न आम्हाला सुचला नाही, आणि घरमालकांनीही त्यातले काही सांगितले नाही. त्यांनी फसवले असे मी म्हणणार नाही. सांगण्यासारखे काही आहे असे त्यांनाही वाटले नसावे.

मार्च 2022 हा देशात 1901 पासूनच्या नोंदींतील सर्वांत उष्ण मार्च ठरला. आमच्यासाठी तो नागपूरचा पहिला मार्च होता. महिन्याच्या मध्यावर एका रात्री दहा वाजता पलंगामागच्या भिंतीला पाठ टेकली आणि चटकन पुढे सरकले. सकाळच्या पोळ्या झाल्यावर तवा जसा कितीतरी वेळ गरम राहतो, तशी ती भिंत गरम होती. वर हात केला, तर पंखा चालू असूनही वारा छताकडून खाली ढकलल्यासारखा येत होता आणि तो गरमच होता. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी भांडी घासायला नळ सोडला, तर गच्चीवरच्या काळ्या टाकीतून आलेल्या पाण्याखाली हात धरवेना. पुढे एप्रिलमध्ये आम्ही रात्रीच बादल्या भरून ठेवू लागलो, कारण आंघोळीसाठी पाणी गार करण्याचा दुसरा उपाय नव्हता. एकदा रात्री वीज गेली म्हणून स्वयंपाकघरातील वरच्या फडताळातून मेणबत्ती काढली, तर ती धनुष्यासारखी वाकली होती. माझ्या चार वर्षांच्या मुलीला त्याची गंमत वाटली. मी ती मेणबत्ती हातात घेऊन बराच वेळ उभी होते, कारण त्याच छताखाली आम्ही चौघे झोपत होतो.

आपल्यापैकी बहुतेकजण तळमजल्यावर राहतात आणि वरचा मजला किरायाने देतात, म्हणून हे थोडे सविस्तर सांगते. आपल्या घरांचा काँक्रीटचा स्लॅब साधारण चार ते पाच इंच जाडीचा असतो. दिवसभर तो ऊन पितो, आणि ती उष्णता आतल्या बाजूस उतरायला काही तास लागतात. त्यामुळे बाहेर दुपारी पारा चढलेला असतो तेव्हा नव्हे, तर बाहेरची झळ ओसरू लागते तेव्हा, म्हणजे संध्याकाळी सहापासून रात्री दहा-अकरापर्यंत, वरच्या मजल्यावरील खोली सर्वांत जास्त तापलेली असते. कामावरून दमून आलेले माणूस नेमके त्याच वेळी घरात शिरते, स्वयंपाक त्याच वेळी होतो आणि लहान मुलांची झोपण्याची वेळही तीच असते. तळमजल्यावर राहणाऱ्यास ही गोष्ट कळत नाही, कारण त्याच्या डोक्यावर आमचा मजला सावलीसारखा असतो. आम्ही आपल्याला किराया देतो आणि वर आपले ऊनही झेलतो, असे म्हटले तर ते रागाने म्हटले असे कृपया समजू नये. घराच्या रचनेतून आपोआप घडणारी ही गोष्ट आहे.

नागपुरात मे महिन्याचे सरासरी कमाल तापमान 42 अंशांच्या वर असते, आणि 23 मे 2013 रोजी इथे 47.9 अंशांची नोंद झाली होती. हे आकडे सोनेगावच्या हवामान केंद्राचे. असे तापमान मोजतात ते जमिनीपासून उंचावर, सावलीत, वारा खेळत्या राहणाऱ्या झडपांच्या लाकडी पेटीत, आणि ती पेटी पांढऱ्या रंगाने रंगवलेली असते, जेणेकरून उन्हाचा थेट परिणाम तापमापकावर होऊ नये. 30 मे 2024 रोजी शहरातील एका स्वयंचलित केंद्राने 56 अंश दाखवले आणि दोन दिवस सगळीकडे त्याचीच चर्चा होती; त्या यंत्रात बिघाड होता, असे हवामान खात्याने नंतर स्पष्ट केले. या सगळ्यावरून माझ्या मनात एकच विचार येतो, की यंत्राला काय ऊन लागते याची एवढी काळजी घेतली जाते, त्याच्यासाठी पांढरी पेटी केली जाते, पण वरच्या मजल्यावर काळपट पडलेल्या उघड्या स्लॅबखाली झोपणाऱ्या माणसांच्या खोलीत रात्री नऊला किती तापमान असते, याची नोंद कोणीच कुठे करत नाही. मी माझ्यापुरती ती पहिल्या घरातच, 2022 च्या एप्रिलमध्ये, करू लागले होते. भिंतीला टांगायचा साधा तापमापक आणला होता. त्या एप्रिलमध्ये रात्री नऊ वाजता तो बहुतेक दिवस 39 दाखवत असे.

एप्रिलच्या अखेरीस माझ्या सासूबाई आजारी पडल्या. त्या उन्हात कुठेही गेल्या नव्हत्या, हे मला विशेष सांगायचे आहे. त्यांनी दुपारी दारे-खिडक्या लावून घेतल्या होत्या, पन्हे घेतले होते, ओले लुगडे अंगावर घेऊन फरशीवर पडून राहिल्या होत्या. घरातल्या घरात जे करायचे ते सर्व त्यांनी केले होते. संध्याकाळी मी आले तेव्हा त्या असंबद्ध बोलत होत्या आणि अंग भाजत होते, पण घाम नव्हता. रिक्षाने दवाखान्यात नेईपर्यंत मी त्यांच्या मानेवर आणि काखेत ओले फडके धरून होते. डॉक्टरांनी त्यांना तपासले, सलाइन लावण्यास सांगितले आणि मग मला एकच प्रश्न विचारला : ‘वरच्या मजल्यावर राहता का?’ मी हो म्हटल्यावर ते पुढे काही बोलले नाहीत. तीन दिवसांनी सासूबाई घरी आल्या, आणि त्याच आठवड्यात आम्ही त्यांना सांगलीला दिराकडे पाठवले. तेव्हापासून होळी झाली की त्या जातात आणि मृगाचा पाऊस पडल्यावर परत येतात. आजी घरी नाही म्हणून नातीची उन्हाळ्याची सुट्टी कशी जाते, हे मी इथे लिहीत बसत नाही.

उष्माघात म्हटले की शेतावर, रस्त्यावर, बांधकामावर राबणारी माणसे आपल्या डोळ्यांसमोर येतात, आणि ते योग्यच आहे. त्यांच्या हालांना सीमा नाही. परंतु म्हातारी माणसे आणि तान्ही मुले घरात बसूनही उष्माघाताला बळी पडू शकतात, विशेषतः रात्रीही खोली निवत नसेल तेव्हा, कारण दिवसभर तापलेल्या शरीराला सावरण्यासाठी रात्रीचाच काय तो अवधी मिळतो. म्हणून घर किती तापते ही सोयी-गैरसोयीची बाब राहत नाही. छत गळत असेल तर घर राहण्यायोग्य नाही असे आपण सगळेच मानतो आणि पावसाळ्याआधी दुरुस्तीचा खर्च आपणच करता. तेच छत दिवसभर साठवलेले ऊन रात्री खाली सोडत असेल, तर त्यालाही दुरुस्ती लागते असे आपण मानावे, एवढेच या पत्राचे म्हणणे आहे.

आता कूलरविषयी, कारण नागपुरातील घरमालक आणि किरायदार यांच्यात सर्वांत जास्त शब्दाला शब्द वाढतो तो कूलरवरून. मी सांगलीहून आले तेव्हा ही चैनीची वस्तू असावी असे मला वाटले होते. विदर्भात ती पाण्याच्या माठाइतकीच गरजेची आहे. इथला उन्हाळा कोरडा असतो, मेमधील दुपारी हवेतील आर्द्रता 20 टक्क्यांच्या आसपास किंवा त्याहूनही खाली असते, आणि कोरडी हवा वाळ्याच्या वा गवताच्या ओल्या ताट्यांतून ओढून घेतली की पाण्याची वाफ होताना ती हवेतील उष्णता सोबत नेते. ज्या हवेने बाहेर चेहरा भाजतो, तीच हवा ताट्यांतून आत येताना दहा-बारा अंशांनी गार झालेली असते, हा अनुभव पहिल्यांदा आला तेव्हा मला खरोखर भरून आले होते. पण त्यासाठी दोन गोष्टी लागतात. कूलर खोलीच्या बाहेरच्या अंगाला, ताजी हवा ओढेल असा असावा लागतो, आणि आत आलेली हवा निघून जायला समोर दुसरी खिडकी उघडी असावी लागते. खोलीतल्या खोलीत ठेवलेला कूलर तीच ती ओली हवा फिरवत राहतो आणि तासाभरात अंथरुणे दमट होतात. आमच्या पहिल्या घरात खिडक्यांना बाहेरून पक्के लोखंडी गज होते, कूलरच्या मापाची एकही खिडकी नव्हती आणि स्टँड लावण्यासाठी भिंतीला छिद्र पाडण्यास परवानगी नव्हती. मग आम्ही कूलर बाल्कनीच्या दारात ठेवला, दार रात्रभर उघडे ठेवले, आणि डासांसाठी मच्छरदाणी लावली, तर मच्छरदाणीतून वारा येईना.

घर बांधताना किंवा रंगवताना एका खिडकीचे गज कूलरच्या मापाने उघडणारे करून घेणे, तिच्याबाहेर एक पक्का लोखंडी स्टँड बसवणे आणि जवळच पाण्याची एक तोटी काढणे, हे काम एकदाच करायचे असते. त्याच वेळी त्या खिडकीजवळचे विजेचे बटन आणि अर्थिंग तपासून घ्यावे, अशी माझी हात जोडून विनंती आहे. ओल्या हाताने कूलरमध्ये पाणी भरताना किंवा लोखंडी टपाला हात लागून विजेचा धक्का बसल्याच्या बातम्या विदर्भात दर उन्हाळ्यात येतात, आणि त्यांत लहान मुले असतात. विजेची गळती होताच क्षणात पुरवठा तोडणारा आरसीसीबी मुख्य फळीवर बसवला की हा धोका फार मोठ्या प्रमाणात टळतो. वायरिंग आपले, फळी आपली. किरायदाराने स्वतःहून त्यात हात घालणे बरे नव्हे आणि आपल्यालाही ते आवडणार नाही. आमच्या बाजूने आम्ही काय करायचे तेही स्पष्ट आहे : प्लग काढल्याशिवाय पाणी भरायचे नाही, आठवड्यातून एकदा टाकी पूर्ण रिकामी करून घासून कोरडी करायची, कारण डेंग्यूचा डास अशाच स्वच्छ साठलेल्या पाण्यात अंडी घालतो, आणि पावसाळी हवा सुरू झाली की ताट्या काढून कूलर बंद करून ठेवायचा. जूनच्या मध्यानंतर हवा दमट झाल्यावर तो तसाही काही गार करत नाही.

पाण्याबाबत आपली चिंता मला पटते. आमचा कूलर ऐन मे महिन्यात दिवसाला पाच-सहा बादल्या पाणी पीत असे, आणि शहराच्या ज्या कडेला पाण्याचा दाब कमी आहे किंवा टँकर मागवावा लागतो, तिथे ही लहान गोष्ट नाही. पेंच आणि कन्हान या नद्यांवर हे सारे शहर जगते, याची जाणीव किरायदारालाही असली पाहिजे. बोअरचे खारे पाणी कूलरला चालते. ताट्यांवर क्षार जमतात आणि त्या लवकर बदलाव्या लागतात, एवढेच. पिण्याचे पाणी वेगळे आणि कूलरचे वेगळे अशी सोय असेल, तर निम्मा वाद तिथेच मिटतो. आमच्या पहिल्या घरी मात्र पाण्याची टाकी भरण्याचे बटन खालच्या मजल्यावर होते आणि दुपारी घरमालक झोपलेले असताना कोणी हाक मारायची, यावरून आम्हा नवरा-बायकोत अबोला धरण्यापर्यंत वेळ आली होती.

विजेच्या बाबतीत मला जरा कठोर बोलावे लागणार आहे. त्या घरात आमचा मीटर वेगळा नव्हता. खालच्या मीटरला जोडलेला एक पोटमीटर होता, आणि त्याशिवाय ‘कूलरचे वेगळे’ म्हणून उन्हाळ्याचे चार महिने दरमहा 800 रुपये द्यावे लागत. हिशेब सोपा आहे. दोनशे वॅटचा कूलर रोज सोळा तास चालला तरी महिन्याला 96 युनिटे होतात. ती पोटमीटरवर आधीच मोजली जात होती. म्हणजे तीच वीज आम्ही दोनदा विकत घेत होतो. शिवाय महावितरणच्या घरगुती दरांत पहिली शंभर युनिटे स्वस्त असतात, तीनशेपर्यंतची बरीच महाग आणि त्यापुढची आणखी महाग. दोन कुटुंबांचा वापर एकाच मीटरवर आला की दोघांचीही युनिटे वरच्या टप्प्यात जातात आणि त्यात आपलेही नुकसान होते. विद्युत अधिनियम, 2003 च्या कलम 43 मध्ये वीजपुरवठा मागण्याचा अधिकार मालकासोबत जागेत राहणाऱ्यालाही दिला आहे. तेव्हा वरच्या मजल्यासाठी स्वतंत्र मीटर घ्यावा आणि ‘कूलरचे वेगळे’ हा शब्दप्रयोग किरायाच्या बोलण्यातून काढून टाकावा. ज्या शहरात एप्रिल ते जून कूलरशिवाय झोप लागत नाही, तिथे झोपेवर आकार लावल्यासारखे ते होते.

कायदा काय म्हणतो हे मी मुद्दाम वाचून काढले. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, 1999 च्या कलम 14 प्रमाणे जागा चांगल्या आणि राहण्यायोग्य स्थितीत ठेवणे हे मालकाचे कर्तव्य आहे. कलम 29 प्रमाणे पाणी, वीज यांसारखा अत्यावश्यक पुरवठा योग्य कारणाशिवाय तोडता वा रोखता येत नाही. कलम 55 प्रमाणे करार लेखी आणि नोंदणीकृत असला पाहिजे आणि नोंदणीची जबाबदारी मालकाची आहे, करार अकरा महिन्यांचा असला तरीही. मात्र आपल्याकडचे बहुतेक करार ‘लिव्ह अँड लायसन्स’ पद्धतीचे, म्हणजे जागा वापरण्याची केवळ परवानगी देणारे असतात, त्यामुळे कायद्यात ‘भाडेकरू’ला जे संरक्षण आहे ते आम्हाला जसेच्या तसे मिळत नाही, आणि कागदावर जे लिहिले असेल त्यालाच महत्त्व येते. केंद्रीय मंत्रिमंडळाने 2 जून 2021 रोजी मंजूर केलेल्या आदर्श भाडेकरार कायद्याच्या मसुद्यात कोणती दुरुस्ती कोणी करायची याची यादीच जोडलेली आहे. इमारतीची मूळ दुरुस्ती, भिंतींची रंगसफेदी, नळाचे पाइप, विजेचे वायरिंग ही मालकाकडे; नळाचे वॉशर, नाल्या साफ करणे, बटने आणि प्लगच्या जागा, खिडक्यांच्या काचा ही किरायदाराकडे. यादी चांगली आहे. मात्र भिंतींची सफेदी तिथे आहे आणि छताची नाही. बंद खोलीत बसून देशभरासाठी नियम लिहिणाऱ्यांना विदर्भातील मे महिना सुचला नसेल, तर तो आपण आपल्या करारात लिहू शकतो. त्यासाठी नव्या कायद्याची वाट पाहण्याचे कारण नाही.

छताच्या सफेदीचा अनुभव मी सांगते, कारण सासूबाईंच्या आजारपणानंतर आम्ही तोच उपाय केला. शेजारच्या गल्लीतील एका गवंडीकाकांनी तो सांगितला. कळीचा चुना रात्रभर भिजत घालायचा, सकाळी फडक्याने गाळून घ्यायचा, चुना धरून राहावा म्हणून त्यात फेव्हिकॉल मिसळायचे, गच्ची आधी झाडून, धुऊन, वाळू देऊन घ्यायची आणि रुंद ब्रशने आडवा एक व उभा एक असे हात द्यायचे. शक्य असल्यास तिसराही. घरमालकांनी ‘तुम्हाला करायचे तर करा’ एवढीच परवानगी दिली. सुमारे हजार चौरस फुटांच्या गच्चीला सामान आणि एका माणसाची दिवसाची मजुरी मिळून अडीच हजार रुपयांच्या आत खर्च आला, तो आम्ही केला. मे महिन्यात ज्या दिवशी बाहेरचा पारा एप्रिलअखेरच्या इतकाच होता, त्या दिवशी रात्री नऊ वाजता माझ्या भिंतीवरच्या तापमापकावर 36 दिसले. ही घरगुती नोंद आहे, प्रयोगशाळेतील नव्हे, हे मान्य. पण 39 आणि 36 यांत काय फरक असतो, हे त्या खोलीत झोपणाऱ्या मुलीच्या अंगावरच्या घामोळ्यांवरूनही मला कळत होते. दुसऱ्या दिवशी घरमालक काका पहिल्यांदा वर आले, खुर्चीवर बसले, वर छताकडे पाहिले आणि म्हणाले, ‘ताई, इतकं तापत असेल असं कधी वाटलंच नाही.’ त्यांचे ते वाक्य खरे होते. त्यांनी ते घर भविष्यनिर्वाह निधीच्या पैशांतून बांधले होते, निवृत्तीनंतर वरच्या मजल्याच्या किरायावर त्यांच्या औषधांचा खर्च भागत होता आणि ते एकाही उन्हाळ्यात वर राहिले नव्हते.

छत पांढरे करणे ही माझी कल्पना नाही आणि फक्त नागपूरचीही नाही. 2010 च्या उष्णतेच्या लाटेनंतर अहमदाबादने 2013 मध्ये उष्णतेचा कृती आराखडा केला आणि 2017 पासून तिथे गरीब वस्त्यांतील छपरांना पांढरा रंग देण्याचे काम हाती घेण्यात आले. तेलंगणाने 2023 मध्ये थंड छपरांसाठी स्वतंत्र धोरणच आणले. आपली महानगरपालिकाही उन्हाळ्यासाठी आराखडा करते, दुपारी बागा उघड्या ठेवते, पाणपोया लावते, चौकात हिरवी जाळी बांधते, आणि भर दुपारी उन्हात थांबावे लागू नये म्हणून काही सिग्नल बंदही ठेवले जातात. सिग्नलवरच्या दीड मिनिटासाठी शहर एवढा विचार करते, तर जिथे माणूस दहा तास राहते त्या खोलीचा विचार आपण आणि आम्ही मिळून का करू नये? आपल्या आजोबांनी महाल आणि इतवारी या जुन्या वस्त्यांत जे वाडे बांधले, त्यांच्या दीड-दोन फूट रुंद मातीच्या भिंती, कवेलूंचे, म्हणजे कौलांचे, छत, मधला चौक, हे सगळे याच उन्हासाठी होते. महालातील अशा एका वाड्यात मी भर नवतप्यात, म्हणजे मेअखेरच्या नऊ तापलेल्या दिवसांत, दुपारी तासभर बसले होते आणि पंख्याचीही आठवण झाली नाही. पुन्हा वाडे बांधा असे कोण म्हणेल? जागेचे भाव, कुटुंबांचे आकार, सगळेच बदलले. पण गच्चीवर विटांच्या तुकड्यांचा कोबा घालणे, त्यावर पांढरी चायना मोझॅक, म्हणजे चिनी मातीच्या फरश्यांचे तुकडे, बसवणे, पश्चिमेच्या भिंतीवर वेल चढवणे किंवा किमान त्या भिंतीला फिका रंग देणे, काळ्या टाकीवर सावली करणे, हे आजच्या घरातही होते. जे घर नव्याने बांधत असतील त्यांनी तर वरचा मजला किरायाने द्यायचा असेल तेव्हा कोब्याचा खर्च जिन्याच्या खर्चाइतकाच अपरिहार्य धरावा. चुना पावसाने धुऊन जातो आणि दरवर्षी द्यावा लागतो. मोझॅक वर्षानुवर्षे टिकते.

काही घरमालक म्हणतील, की एवढे करायचे तर किराया वाढवावा लागेल. वाढवा. गच्चीवर कोबा आहे, कूलरची खिडकी आहे, मीटर वेगळा आहे, असे आपण पाटीवर लिहिले, तर दरमहा पाचशे रुपये जास्त देणारे कुटुंब नागपुरात नक्की मिळेल. मी स्वतः देत आहे. किरायदार दर अकरा महिन्यांनी घर सोडतात अशी आपली तक्रार असते. बँकेत माझ्यासोबत काम करणाऱ्या बदलीच्या लोकांना मी ओळखते. त्यांच्यापैकी बरेचजण घर सोडतात ते मे महिन्याच्या भीतीने, घरमालकाशी भांडण होऊन नव्हे. घरापासून दूर राहणारे विद्यार्थी आणि एमआयडीसीतील कामगार मात्र कुठेच जाऊ शकत नाहीत. गच्चीवर नंतर चढवलेल्या, वर पत्रे टाकलेल्या एकेका खोलीत ते तिघे-चौघे राहतात. पत्र्याखालची खोली तर रात्री अकराला बरी आणि दुपारी असह्य असते, आणि रात्रपाळी करून आलेल्या मुलाला झोपायला दुपारच मिळते. अशी खोली किरायाने देत असाल, तर पत्र्याखाली जाड अस्तर किंवा छत घातल्याशिवाय ती देऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. जी खोली आपण स्वतःच्या मुलाला मे महिन्यात दुपारी झोपायला दिली नसती, ती दुसऱ्याच्या मुलाला देताना मन कचरले पाहिजे.

नवा करार करताना त्यात इतर अटी लिहिता येतात. तिथे पुढील मजकूर घालावा, अशी माझी विनंती आहे : ‘मालक दरवर्षी 15 मार्चपूर्वी छताला पांढरा चुना किंवा उष्णतारोधक रंग देतील. कूलरसाठी खिडकी, स्टँड, अर्थिंग असलेला प्लग आणि पाण्याची सोय मालक करून देतील. कूलरची देखभाल, आठवड्याची स्वच्छता आणि विजेचे मीटरप्रमाणे बिल किरायदार भरेल. कूलरसाठी वेगळा आकार घेतला जाणार नाही.’ चार ओळींचा हा मजकूर आहे. आमच्या आताच्या घराच्या काकूंनी तो वाचून एकच दुरुस्ती सुचवली. ‘15 मार्चपूर्वी’च्या जागी त्यांनी स्वतःच्या हाताने ‘होळीपूर्वी’ लिहिले, कारण होळीनंतर मजूर मिळत नाहीत, असे त्या म्हणाल्या. ती दुरुस्ती मला मान्य आहे.

चुना सकाळी साडेसहालाच सुरू करावा. फेब्रुवारी संपता संपता ऊन चढल्यावर गच्चीवर अनवाणी पाय ठेवता येत नाही.

आपली नम्र,
नागपुरातील एक किरायदार